सारथ्य कोणाचें?

नर्मदामाईची परिक्रमा पायींच करावयाची असा पूर्वीचा दंडक होता. तीन वर्षें, तीन महिने व तेरा दिवस हा तिचा परंपरेनें चालत आलेला अवधि. आतां वृद्ध आईबाप, पंधरा दिवसांची रजा काढलेला मुलगा, सून आणि नातवंडें असें सबंध कुटुंबच मोटारींत बसून परिक्रमेस निघतें. यास आम्ही अधर्म म्हणत नाहीं. ज्यांचे गुडघे चालत नाहींत त्यांच्या श्रद्धेस चाकांचा आधार मिळाला, तर त्यांत वाईट तें काय? परंतु ज्या गाडींत हें कुटुंब बसतें ती गाडी दहा वर्षांपूर्वींची राहिलेली नाहीं. ती स्वतः समोर पाहते, स्वतः वेग कमी करते, प्रसंगीं स्वतः ब्रेक लावते आणि चाकही थोडेंबहुत वळविते. अशा गाडीच्या मालकाच्या मनांत नकळत एक कल्पना घर करते कीं, आतां गाडीस सारथ्याची फारशी गरज उरली नाहीं. ही कल्पना किती खरी व किती घातक, हें परिक्रमेच्या मार्गावरच, टप्प्याटप्प्यानें, पाहण्याचा आमचा विचार आहे.

मार्गाची निवड आम्हीं मुद्दाम केली आहे. ओंकारेश्वराहून दक्षिण तीरानें निघालेली गाडी खरगोण, बडवानीच्या बाजूनें महाराष्ट्रांत उतरते. शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा हीं नंदुरबार जिल्ह्यांतील गांवें घेऊन ती गुजराथेंत राजपिपळ्याकडे जाते. या रस्त्याच्या उत्तरेस सातपुडा, आणि सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या काठीं अक्कलकुवा तालुक्यांतील मणिबेली. महाराष्ट्र विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा, आणि त्यांतील पहिलें मतदान केंद्र मणिबेलीचें. म्हणजे राज्याची गणती जेथून सुरू होते, तेथेंच सपाट महामार्गाची सद्दी संपते. गाडींतील यंत्राची परीक्षा पाहण्यास याहून योग्य वाट दुसरी कोणती?

सहायक म्हणजे कोण?

नव्या गाड्यांतील या सोयींना एकत्रितपणें ‘अ‍ॅडास’ असें म्हणतात. नांव परकें असलें तरी वस्तु समजण्यास अवघड नाहीं. समोरच्या कांचेवर, आंतल्या आरशाच्या मागें, एक बारीकसा कॅमेरा असतो. पुष्कळ गाड्यांत पुढच्या जाळीमागें किंवा बंपरमागें रडारही बसविलेलें असतें. कॅमेरा रस्त्यावरच्या रेघा, माणसें व वाहनें यांचे आकार ओळखतो. रडार समोरची वस्तु किती दूर आहे व किती वेगानें जवळ येत आहे हें मोजतें. या दोघांनीं आणलेल्या बातमीवरून गाडींतील संगणक निर्णय घेतो.

त्याचीं मुख्य कामें चार. पहिलें, आपण ठरवून दिलेला वेग राखणें आणि पुढची गाडी मंदावल्यास आपणही मंदावणें. यास अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणतात. दुसरें, रस्त्यावर आंखलेल्या दोन रेघांच्या मध्यें गाडी राखणें. तिसरें, टक्कर अटळ दिसूं लागली तर आधीं इशारा देणें व तरीही चालक हालला नाहीं तर स्वतः ब्रेक दाबणें. चौथें, आरशांत न दिसणाऱ्या बाजूच्या कोपऱ्यांत कोणी असल्यास दिवा लावून सांगणें.

हीं कामें मोलाचीं आहेत यांत संशय नाहीं. पण त्यांचा दर्जा काय? वाहनांच्या स्वयंचलनाच्या शून्यापासून पांचपर्यंत सहा पायऱ्या अमेरिकेंतील अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेनें २०१४ सालीं ठरविल्या. आपल्याकडे सामान्य कुटुंबांस विकत मिळणाऱ्या गाड्या त्यांतील दुसऱ्या पायरीपलीकडे जात नाहींत. दुसऱ्या पायरीचा अर्थ असा कीं, यंत्र वेग व चाक दोन्ही सांभाळूं शकतें, परंतु रस्त्यावर नजर ठेवण्याची व क्षणांत ताबा घेण्याची जबाबदारी पूर्णपणें माणसाची.

महाभारतांतील रथांवर मुख्य सारथ्याखेरीज बाहेरच्या बाजूचे घोडे आवरणारे ‘पार्ष्णिसारथि’ असत. त्यांच्यावांचून चौघां अश्वांचा रथ नीट चालत नसे. परंतु रथ कोठें न्यावयाचा आणि कोठें थांबवावयाचा हें त्यांनीं ठरवावयाचें नव्हतें. आपल्या गाडींतील यंत्र हें असें पार्ष्णिसारथि आहे. त्यास मुख्य सारथ्याच्या आसनावर बसविलें कीं घोटाळा झालाच म्हणून समजावें.

याचा दाखला अमेरिकेंत मिळाला. १८ मार्च २०१८ च्या रात्रीं अ‍ॅरिझोना संस्थानांतील टेंपी गांवीं उबर कंपनीची एक स्वयंचलित गाडी चांचणीसाठीं रस्त्यावर होती. एक स्त्री आपली सायकल हातानें ढकलीत रस्ता ओलांडीत होती. गाडीच्या यंत्रास ती दिसली; पण ती काय आहे हें त्यास ठरवितां येईना. कधीं त्यानें तिला वाहन मानलें, कधीं सायकल, कधीं कांहींतरी अनोळखी वस्तु. देखरेखीसाठीं बसविलेल्या व्यक्तीची नजर त्या वेळीं रस्त्यावर नव्हती, फोनवर होती. त्या स्त्रीचा प्राण गेला. पुढें सरकारी चौकशींत असेंही निष्पन्न झालें कीं, त्या गाडींत कारखान्यानेंच बसविलेला आपत्कालीन ब्रेक स्वयंचलनाच्या वेळीं बंद ठेवण्यांत आला होता. तात्पर्य हें कीं, यंत्राला ‘दिसणें’ वेगळें आणि ‘उमजणें’ वेगळें. उमजण्याचें काम ज्याच्याकडे सोपविलें होतें, त्याचेंच लक्ष नव्हतें.

निघण्यापूर्वीं गाडीची प्रदक्षिणा

नर्मदेची परिक्रमा करण्यापूर्वीं गाडीची एक प्रदक्षिणा करावी, अशी आमची सूचना आहे. ही थट्टा नव्हे. गाडीभोंवतीं एकदां चालून पाहिल्यानें मागें खेळणारें मूल, खालीं झोंपलेलें कुत्रें आणि बसका टायर हीं तिन्ही दिसतात. मागच्या कॅमेऱ्यावर विसंबूं नये. त्याचें भिंग रुंद असल्यामुळें वस्तु आहे त्याहून दूर भासते, आणि धूळ किंवा चिखल बसला कीं तो आंधळाच होतो.

टायरांतील हवा थंड असतांना तपासावी. टायरच्या अंगावर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. ‘२३१८’ याचा अर्थ २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झालेला टायर. त्याचे कंगोरे कितीही शाबूत दिसले तरी इतकें जुनें रबर भर उन्हांत लांबच्या प्रवासास नेऊं नये.

आतां आपल्या घरांतील भाविक मंडळींसाठीं एक नाजूक गोष्ट. प्रवासास निघतांना गाडीची पूजा होते, पुढच्या जाळीवर झेंडूचा भरघोस हार चढतो. हा हार नेमका रडारच्या तोंडावर येऊं शकतो. ‘नर्मदे हर’ अशी चिकटपट्टी कांचेवर हौसेनें लावतात. ती कॅमेऱ्यासमोर आली कीं यंत्राच्या डोळ्यावर पट्टीच बांधल्यासारखें होतें. पूजा जरूर करावी. परंतु गाडी रस्त्यास लागण्यापूर्वीं हार काढून घ्यावा आणि चिकटपट्टी मागच्या कांचेच्या कोपऱ्यांत लावावी. गणपतीची मूर्ति डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झांकणावर ठेवूं नये. ती पिशवी डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं फुगते, आणि तिच्यावरची वस्तु गोफणगुंड्यासारखी समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते. कधींकाळीं पुढची कांच बदलली असेल, तर कॅमेऱ्याचें मोजमाप पुन्हां जुळवून घेतलें कीं नाहीं हें कारखान्यांत विचारावें. कॅमेरा किंचित् वांकडा बसला तरी त्याची सगळी गणितें चुकतात.

यानंतर पट्टा. तीन ठिकाणीं अडकणारा आजचा पट्टा व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनीं १९५९ सालीं सिद्ध केला. इतक्या वर्षांत यंत्रांच्या कितीही पिढ्या झाल्या तरी त्याची जागा कोणीं घेतलेली नाहीं. एअरबॅग ही पट्ट्याची पूरक आहे, पट्ट्याऐवजीं नव्हे. चालकाची छाती चाकापासून निदान पंचवीस सेंटिमीटर दूर असावी. खालचा पट्टा पोटावर न घेतां कमरेच्या हाडांवर घ्यावा; गरोदर स्त्रीनें तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा पट्टा खांद्यावरूनच यावा, काखेखालून नव्हे. लुगड्याचा घोळ किंवा जाड शाल मध्यें आली तर पट्टा सैल राहतो. ती आधीं सारखी करावी.

मागें बसणाऱ्यांना पट्टा लागत नाहीं, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. गाडी उत्तम होती, पुढच्या आसनांवरील दोघे जखमी झाले पण वांचले. मागें बसलेले दोघे दगावले, आणि त्यांनीं पट्टे लावलेले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. पन्नास किलोमीटरच्या वेगानें जाणारी गाडी एकदम अडली, तर आंतल्या माणसास बसणारा धक्का सुमारें दहा मीटरांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडल्याइतका असतो. अशा धक्क्यांत मांडीवरचें मूल कोणत्याही आईच्या हातीं राहत नाहीं. म्हणून मुलास मांडीवर न घेतां त्याच्या वयाची वेगळी खुर्ची मागच्या आसनावर बांधावी. मागें तोंड करून बसविण्याची तान्ह्याची खुर्ची तर चालूं एअरबॅगसमोर कदापि ठेवूं नये. मोटार वाहन कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीनें पट्टा न लावणाऱ्यास आणि चौदा वर्षांखालील मुलास सुरक्षित न बसविणाऱ्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. पट्ट्याची सूचना देणारी घंटा वाजूं नये म्हणून खोट्या खिळी विकल्या जात असत. २०२३ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें त्यांची विक्री थांबविण्याचे आदेश मोठ्या विक्री-कंपन्यांस दिले. स्वतःच्या रक्षकाचें तोंड बंद करण्यासाठीं पैसे मोजणारा प्राणी मनुष्याखेरीज दुसरा नसावा!

मोठ्या सडकेवर

पुण्या-नाशिकाहून ओंकारेश्वरास जाणारीं कुटुंबें धुळें, शिरपूरवरून मुंबई-आग्रा महामार्गानें जातात. येथें रेघा स्पष्ट, दुभाजक मध्यें, वळणें रुंद. यंत्र-सहायकाचें हें खरें माहेर. वेग राखण्याचें काम त्याजकडे दिलें तर चालकाचे पाय थकत नाहींत आणि वेग नकळत वाढत नाहीं. हा दुसरा लाभ लहान नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यावरील अपघातांनीं १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि त्यांतील शेंकडा एकाहत्तरांहून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदरांत पडतात.

वेगाविषयीं नळाख्यानांतील एक कथा आठवते. बाहुक झालेला नळ ऋतुपर्ण राजाचा रथ हांकीत असतां राजाचें उत्तरीय खालीं पडलें. ‘थांब, तें उचलून घेऊं,’ असें राजानें म्हणेपर्यंत तें एक योजन मागें राहिलें होतें. आमच्या विद्यार्थ्यांना ही अतिशयोक्ति वाटे. परंतु गणित पाहा. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सामान्य माणसास सुमारें दीड सेकंद लागतो. कोरड्या व चांगल्या रस्त्यावर ४० किलोमीटरच्या वेगानें जाणारी गाडी या काळांत सतरा मीटर जाते व ब्रेक लागल्यावर आणखी नऊ मीटरांत थांबते. वेग ८० झाला कीं पहिलें अंतर दुप्पट होऊन तेहतीस मीटर होतें. पण दुसरें चौपट होऊन पस्तीस मीटरांवर जातें. १२० च्या वेगास तर एकूण सुमारें एकशें तीस मीटर लागतात. वेग दुप्पट केला कीं ब्रेक लागल्यावर थांबण्याचें अंतर चौपट, हा सृष्टीचा नियम आहे. कोणत्याही कारखान्याचा शिक्का त्यास बदलूं शकत नाहीं. आपत्कालीन ब्रेकचें यंत्र दीड सेकंदांतला कांहीं भाग वांचवूं शकतें, पुढचा चौपटीचा हिशेब त्यासही चुकत नाहीं. म्हणून पुढच्या गाडीपासून राखावयाच्या अंतराचे जे दोन-तीन पर्याय यंत्र देतें, त्यांतला सर्वांत लांबचा निवडावा. कोणी दुचाकीवाला मध्यें शिरला तर शिरूं द्यावा. आपण पुन्हां मागें सरावें.

एबीएस या ब्रेकविषयींही एक गोष्ट सांगावयाची राहते. १ एप्रिल २०१९ पासून तो सर्व नव्या गाड्यांत सक्तीचा झाला. जुन्या चालकांस ब्रेक दाबून सोडून पुन्हां दाबण्याची संवय असते. या ब्रेकांत तें काम यंत्रच करतें. पायाखालीं थरथर जाणवली तरी पाय उचलूं नये, पूर्ण जोरानें दाबून धरावा आणि चाक वळवून अडथळा चुकवावा. त्या थरथरीस भिऊन पाय काढणें म्हणजे मदतीला आलेल्या माणसास ढकलून देणेंच होय.

परंतु माहेरींही सावध असावें. आपल्या गाडीनें चटकन् ब्रेक लावला, तरी मागच्या मालमोटारीस तसा ब्रेक असेलच असें नाहीं. याच महामार्गावर शिरपूर तालुक्यांत पळासनेर येथें ४ जुलै २०२३ रोजीं ब्रेक निकामी झालेल्या एका कंटेनरनें वाटेंतील वाहनांस व माणसांस चिरडलें. पुढें पाहणारें यंत्र मागून येणाऱ्या अशा संकटाबाबत फारसें कांहीं करूं शकत नाहीं. उतारावर अवजड वाहनांच्या पुढें रेंगाळूं नये. आरशांत पाहण्याचें काम माणसाचेंच. चाकावरचे हात काढले कीं यंत्र कुरकुर करतें, म्हणून चाकास पाण्याची बाटली अडकवून त्यास फसविणारे वीरही आम्ही ऐकले आहेत. ते फसवितात तें यंत्रास नव्हे. मागच्या आसनावर विश्वासानें झोंपलेल्या आपल्या आईस.

उसाच्या गाड्यांच्या वाटेवर

परिक्रमा चातुर्मासानंतर सुरू होते. शहादा परिसरांत उसाचा हंगामही तेव्हांच असतो. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पहांटेच्या धुक्यांत रस्त्यावर असतात. ट्रॉलीस मागचा दिवा असेलच असें नाहीं, आणि ऊस चाकांच्या मागें हातभर बाहेर लोंबत असतो. कॅमेरा ज्या आकारास ‘वाहन’ म्हणून ओळखण्यास शिकला आहे, त्यांत उसाचा हा लोंबता भारा बसेल याची खात्री कोणी देऊं नये. रडारला लोखंड चांगलें दिसतें. उसाचीं कांडीं आणि बैलांचीं पाठ तितकीं नाहीं. धुक्यांत तर कॅमेऱ्याची दृष्टि आपल्या दृष्टीइतकीच, किंबहुना तिच्याहूनही, मंद होते.

म्हणून येथें नियम बदलावा. वेग राखणारें यंत्र बंद करून पाय पुन्हां आपल्या ताब्यांत घ्यावेत. आपत्कालीन ब्रेक मात्र चालूं ठेवावा. तो शेवटचा रक्षक आहे आणि त्यास आपण जागें ठेवण्यांत तोटा नाहीं. प्रकाशा येथें तापीच्या कांठीं दर्शन घेऊन निघतां निघतां अंधार पडला, तर पुढची मजल मारण्याचा हट्ट न धरतां मुक्काम करावा. पायीं परिक्रमा करणाऱ्यानें रात्रीं चालावयाचें नाहीं, हा जुना शिरस्ता मोटारवाल्यांस जसाच्या तसा लागू आहे.

घाटांत

अक्कलकुव्याहून कांहीं मंडळी मोलगीकडे वळतात. काठी गांवची होळी, मोलगीच्या बाजारांतील भगर व आमचूर, आणि पलीकडच्या नर्मदेचें दर्शन यांची ओढ असते. मध्यें देवगोई घाट. तळोद्याहून धडगांवकडे गेल्यास चांदसैलीचा घाट. येथें डोंगर एका हातास व दरी दुसऱ्या हातास.

रेघा राखणारा सहायक या रस्त्यावर बंदच करावा. जेथें रेघ पुसलेली आहे तेथें तो गप्प बसतो, हें बरें; पण डांबराची जुनी कड किंवा दुरुस्तीची पट्टी यांना तो रेघ समजला, तर नको तेथें चाकास हिसका देतो. शिवाय खड्डा किंवा सायकलवाला चुकविण्यासाठीं आपण दिवा न दाखवितां चाक वळविलें, कीं यंत्रास वाटतें आपण झोंपेंत रेघ ओलांडीत आहों, आणि तें चाक उलट बाजूस ओढूं लागतें. दरीच्या कांठावर असा वाद परवडणारा नाहीं.

उतारावर गाडी ब्रेकवर न उतरवितां खालच्या गिअरवर उतरवावी. ज्या गिअरनें आपण तो चढ चढलों असतों, त्याच गिअरनें उतरावें, हा जुन्या एस. टी. चालकांचा ठोकताळा आजही खरा आहे. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींतही हातानें खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती घरच्या अंगणांतच शिकून ठेवावी. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास तापतात, जळका वास येतो आणि शेवटीं पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाहीं. असा वास आल्यास सुरक्षित जागीं थांबून ब्रेक आपोआप निवूं द्यावेत. चढावर गाडी मागें न जाऊं देणारी ‘हिल होल्ड’ ही सोय येथें फार उपयोगी. परंतु ती कांहीं क्षणांपुरतीच गाडी धरते, हें विसरूं नये. चढून येणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, हा कायदाच आहे. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा. वळणापलीकडचें कोणत्याही कॅमेऱ्यास दिसत नाहीं.

या रस्त्यावर ज्यांची गांठ पडते तीं माणसें कोण, याचाही विचार व्हावा. टपावर माणसें घेतलेल्या काळ्या-पिवळ्या जीपा, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, शाळेंतून रस्त्याच्या कडेनें परतणारीं भिल्ल-पावरा मुलें, आणि हातांत काठी-कमंडलु घेऊन चाललेले पायीं परिक्रमावासी. डोक्यावरच्या मोळीमुळें माणसाचा आकारच बदलतो; यंत्र गोंधळलें तर त्याचा दोष नाहीं. माणूस गोंधळला तर मात्र आहे.

नकाशा आणि नियम

मार्ग दाखविणारा नकाशा हाही एक सहायकच. परंतु परिक्रमावासीयांस त्याचा एक विशेष धोका आहे. नर्मदा सदैव उजव्या हातास ठेवावयाची आणि मध्येंच ओलांडावयाची नाहीं, हा परिक्रमेचा पहिला नियम. नकाशास अंतर कळतें, व्रत कळत नाहीं. थोडें अंतर वांचतें असें दिसलें कीं तो नदीवरील पुलानें पलीकडे जाण्यास खुशाल सांगतो. म्हणून मुक्कामाचीं गांवें एकापुढें एक आपण नोंदवावींत आणि कोणत्या तिठ्यावर वळावयाचें हें मागच्या आसनावरील वडीलधाऱ्यांनीं कागदी नकाशावरून पाहत राहावें. सातपुड्यांत फोनचा संपर्क जागोजागीं तुटतो. त्यामुळें नकाशा आधींच उतरवून ठेवावा. मदतीसाठीं ११२, रुग्णवाहिकेसाठीं १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक एका कागदावर लिहून पुढच्या कप्प्यांत ठेवावे. फोनचा प्राण गेला तरी कागदाचा जात नाहीं.

या सर्व मार्गाच्या उत्तरेस, डोंगरापलीकडे, मणिबेली आहे. शूलपाणेश्वराचें प्राचीन मंदिर याच कांठावर होतें. शूलपाणीची झाडी हें नांव त्यावरूनच. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यानें महाराष्ट्रांतील जीं गांवें बुडालीं, त्यांत पहिलें नांव मणिबेलीचें. मोठ्या धरणांना जागतिक बँकेनें पैसा देऊं नये, असा जो जाहीरनामा १९९४ सालीं जगभरच्या संस्थांनीं काढला, त्यास मणिबेलीचेंच नांव आहे. २०१७ सालीं धरण पूर्ण झालें, आणि सप्टेंबर २०१९ मध्यें तें प्रथमच १३८.६८ मीटरांच्या पातळीपर्यंत भरलें. मंदिराची नवी वास्तु गुजराथेंत गोरा येथें झाली, आणि मोटारीनें जाणारे यात्रेकरू तिचेंच दर्शन घेतात. जुन्या वाटा पाण्याखालीं गेल्यामुळें कांठच्या पाड्यांवर आजही पुष्कळ ठिकाणीं नाव हेंच वाहन. मतदानाचीं पथकेंही या बाजूस बोटीनें गेलेलीं आहेत.

ज्या वाटा पाण्याखालीं गेल्या, त्यांवरून पूर्वीं परिक्रमावासी चालत. आज ते वरच्या डोंगरवाटांनीं आणि मधून मधून डांबरी रस्त्यांनीं चालतात. म्हणजे जुनी वाट गमावलेला पादचारी आणि नव्या गाडींत बसलेलें आपलें कुटुंब यांची गांठ त्याच अरुंद डांबरावर पडते. त्याच्याजवळ ना पट्टा, ना पिशवी, ना रडार. त्याचें सारें रक्षण आपल्या दोन डोळ्यांवर व एका पायावर आहे. परिक्रमेंत सदावर्त घालण्याचें पुण्य मोठें मानतात. पायीं जाणाऱ्यास वाट मोकळी ठेवून, वेग उतरवून, धूळ न उडवितां पुढें जाणें हें मोटारवाल्याचें सदावर्त समजावें.

कठोपनिषदांत शरीरास रथ, बुद्धीस सारथि आणि मनास लगाम म्हटलें आहे. त्या रूपकांत चाकें किती वेगवान् होतीं याचा उल्लेख नाहीं, कारण प्रश्न चाकांचा नव्हताच. घरांत नवी गाडी आली असेल, तर तिच्यासोबत आलेलें पुस्तक एका रविवारीं सर्वांनीं मिळून वाचावें. कोणती सोय कोणत्या बटनानें बंद होते आणि ती केव्हां आपणहून बंद पडते, हें चालकाखेरीज आणखी एकास तरी माहीत असावें. महामार्गावर सहायकास काम द्यावें, उसाच्या रस्त्यावर तें कमी करावें, घाटांत बहुतेक काढून घ्यावें. सारथ्य मात्र कोणत्याच रस्त्यावर कोणाच्या हवालीं करूं नये. नर्मदे हर!